भिंतीपलीकडे काय शिजतं?

शनिवारी संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास आमच्या घरी अमेरिकेचा फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळचा चहा व्हायचा असतो. भाची आधी मामीशी बोलते, मग माझ्याशी. विषय ठरलेले. तिच्या मुलाचा खोकला, इथला पाऊस, कोण गेलं, कोणाचं जमलं आणि शेवटी ‘मामा, नवीन काय लिहितोयस?’ या प्रश्नाचंही उत्तर ठरलेलं. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र एका शनिवारी तिनं मामीला मध्येच थांबवून मला फोनवर बोलावलं आणि सरळ विचारलं, “मामा, तू बँकेत असताना एमआयडीसीतले कारखाने आतून पाहिलेस ना रे? मग मला सांग, सोलर पॅनेलच्या कारखान्यात नेमकं काय असतं?”

मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, “काय असणार? काचा, ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि वायरी. जोडकाम गं ते.”

“मलाही तसंच वाटायचं,” ती म्हणाली. “आता नाही वाटत.”

ही आमची भाची डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी विभागात, मिलापनगरात वाढली. रात्री दहानंतर खिडक्या लावून घ्यायच्या, वास आला की ओल्या रुमालानं नाक झाकायचं, हे तिच्या लहानपणीचे संस्कार. शुभंकरोतीइतकेच घट्ट. लग्नानंतर ती शार्लट शहराजवळ फोर्ट मिल नावाच्या गावी गेली. झाडं, मोकळी हवा, चांगल्या शाळा. चांगल्या शाळांसाठीच लोक तिथं घरं घेतात म्हणे. आणि त्या गावात, नव्या प्राथमिक शाळेच्या अगदी शेजारी, सिलफॅब सोलर नावाच्या कॅनडातल्या कंपनीनं एका प्रचंड तयार गोदामात सौरपट्ट्यांचा कारखाना उभारायला घेतला. आईबाप खवळले. सभा झाल्या, पाट्या लागल्या, कोर्टकज्जे झाले. आमची भाची, जिनं डोंबिवलीत कधी एका मोर्चात पाऊल टाकलं नव्हतं, ती हातात फलक घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मला आधी हसू आलं. सूर्यावर चालणारी वस्तू, धूर नाही, राख नाही, तिच्याविरुद्ध मोर्चा? इथं आमच्या सोसायटीत त्याच महिन्यात गच्चीवर पॅनेल बसवण्याचा ठराव घाटत होता. केंद्र सरकारची २०२४ सालची सूर्यघर योजना आल्यापासून डोंबिवलीतली निम्मी सोसायटी-मंडळं गच्च्या मोजत बसली आहेत. पण भाची सहसा उगाच घाबरत नाही. म्हणून मी दोन आठवडे वाचत बसलो. निवृत्त माणसाला एवढं एक सुख असतं.

झालं असं, की माझं उत्तर अर्धं बरोबर होतं. सौरपट्टी बनवण्याचे दोन वेगळे उद्योग आहेत. एक खरोखरच जोडकामाचा: तयार सेल आणायचे, तारांनी ओवायचे, काच आणि प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात दाबून भाजायचे, चौकट ठोकायची. हा कारखाना फर्निचरच्या कारखान्याहून फार वेगळा नाही. दुसरा उद्योग म्हणजे तो सेलच बनवणं. तिथं सिलिकॉनची पातळ चकती तेजाबांनी खरवडतात आणि त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. हे आम्ल कातडीवर पडलं तर नुसतं भाजत नाही, आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम खेचून घेतं. मग चकतीत फॉस्फरस मुरवण्यासाठी फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड. त्याला हवेतला दमटपणा लागला की आम्लाच्या वाफा सुटतात. शेवटी तो निळसर थर चढवायचा, जो आपण गच्चीवर कौतुकानं बघतो. त्यासाठी लागतात अमोनिया आणि सिलेन हे दोन वायू. सिलेनचा गुण असा, की गळती झाली तर त्याला काडी लावावी लागत नाही. हवा लागली की तो आपणहून पेटतो.

म्हणजे बाहेर पाटी एकच, ‘सोलर’. आत जोडकाम आहे की रसायनकाम, हे पाटीवरून कळत नाही. फोर्ट मिलमध्ये दोन्ही व्हायचं होतं.

हे सगळं व्यवस्थित हाताळता येतं, जगभर हाताळलं जातं, हेही खरं. पण न हाताळल्याची उदाहरणंही आहेत. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या हायनिंग गावी २०११ च्या ऑगस्टअखेरीस नदीत मासे मरून वर आले. जिंको सोलर या कंपनीच्या आवारातला फ्लुओराइडयुक्त कचरा पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. शेकडो गावकरी फाटकावर चालून गेले, मोटारी उलथवल्या, अखेर काही दिवस उत्पादन बंद ठेवावं लागलं आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. सूर्य बिचारा निर्दोष. त्याच्या नावानं चाललेल्या कारखान्याला मात्र कुंपण, गटार आणि शेजारी असतातच.

भाचीचा मुद्दा असा होता: “मामा, इथल्या कौंटीच्या मंडळानं २०२४ च्या मे महिन्यात निर्णय दिला, की ज्या जागेवर हलक्या उद्योगांची परवानगी आहे तिथं असला कारखाना बसत नाही. पण कंपनी म्हणते, आम्हाला त्याच्या आधीच हिरवा कंदील मिळालाय. काम थांबलं नाही. मग त्या निर्णयाचा उपयोग काय?”

मे २०२४ म्हटल्यावर माझं लक्ष फोनवरून उडालं. त्याच महिन्यात इथं आमच्याकडे जे झालं ते डोळ्यांपुढे आलं.

२३ मे २०२४, गुरुवार. दुपारी पावणेदोनच्या आसपासची वेळ. आम्ही कोपरला राहतो, रेल्वेच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. एमआयडीसी पूर्वेला, आमच्यापासून चांगली काही किलोमीटर लांब. जेवण उरकून मी आडवा झालो होतो. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग आवाज आला. इथं वसई मार्गावरच्या मालगाड्यांची आम्हाला इतकी सवय, की पहिला विचार गाडीचाच आला. बायको मात्र गच्चीवर पापड उलटायला गेली होती. ती वरूनच ओरडली, “अहो, वर या. परत झालंय.”

त्या ‘परत’ शब्दात आमच्या गावाची हकिगत आली.

कारण आधीही मे महिनाच होता आणि गुरुवारच होता. २६ मे २०१६. फेज दोनमधल्या प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात सकाळी स्फोट झाला. बारा माणसं गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. कारखान्याच्या जागी खड्डा उरला. आसपासच्या इमारतींच्या काचा, दारं, छपरावरचे पत्रे यांचा चक्काचूर झाला. चौकशी समिती बसली. प्रोपर्गिल क्लोराइड हे उच्चारतानाही जीभ अडखळावी असं नाव नंतर लोकांना ऐकायला मिळालं. समितीचा अहवाल मात्र लोकांच्या हाती लागायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला. ज्यांच्या घरात काचांचा खच पडला, त्यांनाच काय फुटलं ते विचारण्यासाठी अर्ज! पंचनामे झाले, नुकसानीचे आकडे लिहून नेले, आणि लोक वर्षानुवर्षं वाट बघत राहिले.

आठ वर्षांनी अमुदान केमिकल्स. तोच फेज दोन. सुरुवातीला बॉयलर फुटला असं सांगण्यात आलं, मग रिॲक्टर म्हणाले. तिथं पेरॉक्साइडं बनत होती. फायबरग्लासच्या वस्तू घट्ट करायला वापरतात त्या जातीचं रसायन. त्याला उष्णतेचं वावडं, आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू ते स्वतःतच बाळगून असतं. दहाहून अधिक माणसं मेली. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला. पुढे तीन आठवड्यांच्या आत, १२ जूनला, त्याच फेज दोनमध्ये इंडो अमाइन्स कंपनीला आग लागली. स्फोटांचे आवाज येत होते, आणि जवळच्या शाळेतली मुलं घाईघाईनं घरी पाठवावी लागली.

या तीन तारखा पुन्हा वाचा. २६ मे आणि २३ मे: शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. १२ जून: शाळा भरलेल्या. पहिल्या दोन खेपेला खिडक्यांच्या काचा फुटल्या तेव्हा वर्ग रिकामे होते, हे कुठल्या नियोजनामुळे घडलं नाही. पंचांगामुळे घडलं. २०१६ चा तो गुरुवार एक महिना पुढे सरकला असता तर सकाळच्या मधल्या सुट्टीत मैदानावर किती मुलं असती, हा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला.

डोंबिवलीत कुणाशीही हा विषय काढा, एक वाक्य हमखास येतं: “कारखाने आधी होते, घरं नंतर आली. लोकांना कोणी सांगितलं होतं तिथं राहायला?” हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलं आहे, म्हणून त्याचा खोटेपणाही मला ठाऊक आहे. औद्योगिक वसाहत आली १९६४ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून सोनारपाडा, सागाव, मानपाडा, आजदे ही गावं तिथं होती. त्यांच्या जमिनीवरच तर ती उभी राहिली. मग महामंडळानं स्वतःच निवासी भूखंड पाडले. तिथं बंगले झाले, पेंढरकर महाविद्यालय आलं, शाळा आल्या, दवाखाने आले. आणि मुंबईत ज्यांना खोली परवडत नव्हती अशा लाखो कुटुंबांनी लोकलच्या दाराला लटकत या गावाला शहर केलं. आजूबाजूची २७ गावं २००२ साली महापालिकेतून बाहेर काढली गेली आणि २०१५ साली पुन्हा आत घेतली. मधल्या तेरा वर्षांत तिथं ज्या इमारती उठल्या, त्यांच्या परवानग्यांविषयी न बोललेलंच बरं. कारखाना आणि वस्ती यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी राहायला हवी होती ती एका रात्रीत कुणी गिळली नाही. ती एकेका फायलीनं खाल्ली. एकेक फाईल आपापल्या जागी बरोबर होती.

त्यातल्या काही फायली माझ्या आहेत.

१९९१ ते ९६ मी डोंबिवलीच्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. लघुउद्योगांना कॅश क्रेडिट द्यायचं, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट घ्यायचं, अधूनमधून स्कूटरवरून जाऊन माल डोळ्यांनी पाहून यायचा. आमच्या तपासणीच्या छापील नमुन्यात सोळा-सतरा रकाने होते. माल किती, माल कुणाचा, बँकेच्या नावाचा बोर्ड लावला आहे का, आगीचा विमा चालू आहे का, विम्याच्या कागदावर बँकेचं नाव आहे का. भिंतीपलीकडे काय आहे, असा रकाना नव्हता. आम्हाला काळजी तारणाची होती. पिंपं जळाली तर बँकेचे पैसे बुडायला नकोत. पिंपांबरोबर आणखी काय जळेल हे आमच्या कक्षेत येत नव्हतं.

एक भेट मला अजून आठवते. पावसाळा होता. शेडच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून, पत्र्याखाली निळी पिंपं तीन थरांत रचली होती. काहींची लेबलं पावसानं सुटून खाली चिकटली होती. वासानं घशाशी आलं. मी विचारलं, “यात काय आहे?” मालक सज्जन होता, त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “सॉल्व्हंट आहे, साहेब. नेहमीचाच माल.” भिंतीपलीकडून मुलांचा आवाज येत होता. पाढे म्हणत होती बहुधा, कारण एका सुरात होता. मी चहा घेतला, पिंपं मोजली, स्टॉक रजिस्टरशी आकडा जुळला. नमुन्यावर लिहिलं: ‘माल सुस्थितीत व व्यवस्थित रचलेला आढळला.’ खाली सही. सुस्थितीत म्हणजे बँकेच्या दृष्टीनं. त्या कारखान्यात पुढे काही झालं नाही. तो बंद पडला, कर्ज फिटलं, फाईल बंद झाली. पण मुलांचा तो आवाज मी ऐकला होता आणि त्याचं मी काहीच केलं नाही.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. त्याच सुमारास आमच्या शाखेनं घरकर्जं सुरू केली. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला एक तीन मजली इमारत उठत होती. तिच्यातल्या चार-पाच सदनिकांची कर्जं माझ्याच टेबलावरून गेली. जमीन बिगरशेती आहे का, टायटल स्वच्छ आहे का, नकाशा मंजूर आहे का, पगाराच्या स्लिपा खऱ्या आहेत का, सगळं तपासलं. रस्त्यापलीकडच्या पिंपांना मी ओळखत होतो, त्यांच्यावर आमच्या बँकेचं नाव होतं. पण कारखान्याची फाईल डाव्या ट्रेमध्ये आणि घराची उजव्या ट्रेमध्ये. दोन्ही कर्जं नियमित, दोन्ही हप्ते वेळेवर. एका दुपारी मी दोन्हींवर सह्या केल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्या वर्षी शाखेला वसुलीसाठी शाबासकी मिळाली होती.

म्हणून फोर्ट मिलच्या मंडळाबद्दल भाची तावातावानं बोलत होती तेव्हा मी गप्प राहिलो. तिथंही कुणीतरी डाव्या ट्रेमध्ये कारखाना ठेवला असणार आणि उजव्या ट्रेमध्ये शाळा.

कायदे नव्हते असं नाही. भोपाळ १९८४ साली घडलं आणि त्यानंतर कायद्यांची रांग लागली. १९८७ साली कारखाने अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्यानं धोके काय आहेत ते कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना सांगितलंच पाहिजे, असं त्यात होतं. १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, त्यातही अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते त्यांना आधी माहिती देण्याचं कलम होतं. १९९१ साली जनतेच्या नुकसानभरपाईसाठी विम्याचा कायदा झाला. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट नेमायला सांगितलं. म्हणजे मी पिंपं मोजत होतो, त्या दिवसांत यातले बहुतेक नियम छापून झाले होते.

पण एक बारीक खोच आहे, ती बँकवाल्याच्या डोळ्याला पटकन दिसते. या नियमांतली कडक कलमं लागू होतात ती साठा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर. मोठ्या कंपनीत मोठा साठा, तिथं नियम पोचतात, अधिकारी पोचतात, सराव होतात. डोंबिवलीत मोठ्या कंपन्या थोड्या आणि छोट्या शेड फार. एकेकाचा साठा मर्यादेखाली. एका गल्लीत अशा वीस शेड पाठीला पाठ लावून असतील तर त्या गल्लीची बेरीज कोण करतो? आमच्या बँकेत एकाच कुटुंबाच्या पाच खात्यांची बेरीज करायचा नियम होता, कारण तिथं पैसे आमचे होते.

मग लोक आपापल्या परीनं माहिती गोळा करतात. मिलापनगरातल्या बायका नुसत्या वासावरून सांगतात, आज कुठल्या दिशेचा वारा आहे. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा लोकांनी तो बाटल्यांत भरून ठेवला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः येऊन पाहून गेले. रंग दिसला की मंत्री येतात. रंगहीन वायूंची सोय अद्याप झालेली नाही.

आणि एक उपाय सारखा सांगितला जातो: कारखाने इथून हलवा. २०२२ साली १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला नेण्याचं सरकारनं जाहीर केलं होतं. अमुदाननंतर पुन्हा तीच भाषा झाली. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या कोपर गावातल्या चाळीत एक गृहस्थ राहतात. पस्तीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात काढली, मुलालाही तिथंच चिकटवलं. २०२४ च्या स्फोटानंतर दोन दिवस मुलगा कामावर गेला नाही, तिसऱ्या दिवशी गेला. मी विचारलं तर म्हणाले, “काका, कंपनी पाताळगंगेला गेली तर आम्ही रोज कसं जायचं? आणि तिथंबी माणसंच राहत असतील ना?” मला उत्तर सुचलं नाही. स्फोटात जे गेले ते बंगलेवाले नव्हते, बहुतेक अशाच घरांतले होते. त्यांच्याकरता कुठली पट्टी मोकळी ठेवायची? ते तर भिंतीच्या आतच असतात.

माझं मत विचाराल तर सगळं गुंडाळून न्या म्हणणं आणि सगळं ठीक आहे म्हणणं, दोन्ही आळशीपणाचं आहे. काही रसायनं अशी आहेत की ती घरांपासून शंभर मीटरवर असूच नयेत, मग कारखाना आधीचा असो की नंतरचा. ती हलवावीत, कामगारांच्या राहण्याजाण्याच्या सोयीसकट हलवावीत. बाकीच्यांनी फाटकावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावं: आत काय आहे, किती आहे, गळलं तर पाणी मारायचं की नाही, पळायचं तर कुठल्या बाजूला. रेशनच्या दुकानावर साठ्याचा फळा असतो. गव्हाचा हिशेब फळ्यावर लिहिता येतो तर आम्लाचा का येऊ नये? शाळेच्या मुख्याध्यापकांकडे त्या फळ्याची नक्कल असावी. आणि पळण्याच्या रस्त्याचाही विचार कुणीतरी करावा. आमचा कोपर पूल २०१९ साली धोकादायक ठरून बंद झाला, तो नवा होऊन २०२१ मध्ये उघडला. त्या दोन वर्षांत पूर्वेला मोठं काही घडलं असतं तर पश्चिमेकडून गाड्या ठाकुर्लीला वळसा घालून गेल्या असत्या. आमच्या नशिबात सुट्ट्या फार.

भाचीला मी यातलं थोडंच सांगितलं. ती म्हणत होती, “इथे लोक म्हणतात, तुम्ही घाबरट आहात, सोलर म्हणजे भविष्य आहे. तू सांग, मी काय विचारू त्यांना?”

मी म्हणालो, “कारखाना चांगला की वाईट, हे विचारूच नकोस. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. टाकी केवढी आहे ते विचार. एका वेळी जास्तीत जास्त किती आम्ल आत असेल, टँकर किती वाजता येईल, तेव्हा शाळा सुटलेली असेल की नसेल. गळती झाली तर भोंगा कोण वाजवणार, त्याचा आवाज वर्गात पोचतो का, हे शाळेत उभं राहून ऐक. मुलांना मैदानात काढायचं की वर्गात खिडक्या लावून बसवायचं? दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत, आणि बाईंना ते आज ठाऊक हवेत.”

ती लिहून घेत होती. पलीकडे कागदाचा आवाज येत होता. मग म्हणाली, “मामा, हे आपल्याकडे कधी कुणी विचारलं होतं का रे?”

“मी तर नव्हतं विचारलं,” मी म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या सोसायटीची सभा झाली. पॅनेलवाल्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. हुशार, अदबशीर. किती युनिटं, किती वर्षांत पैसे वसूल, अनुदान कसं मिळतं, सगळं चोख सांगितलं. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाला. मी हात वर केला आणि विचारलं, या पट्ट्यांतले सेल कुठे बनतात आणि त्या कारखान्याच्या शेजारी काय आहे. सभेत थोडं हसू पिकलं. मुलगा गोंधळला, मग नम्रपणे म्हणाला, “काका, वॉरंटी पंचवीस वर्षांची आहे.” मी म्हटलं, ते कळलं. त्यानं कागदपत्रं चाळली, कंपनीला विचारून कळवतो म्हणाला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. माझंही मत बाजूनंच होतं. सेक्रेटरीबाईंनी इतिवृत्तात माझा प्रश्न लिहिला आणि पुढे कंसात ‘उत्तर येणे बाकी’ असं नोंदवलं. दिवाळीनंतर पॅनेल बसली. आता मे महिन्यात पापड घालायला गच्चीवर जागा कमी पडते, म्हणून बायकोची कुरकुर चालू असते. उत्तर अजून यायचं आहे. दर सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करताना तेवढी ओळ वाचली जाते, आणि मी ती काढू देत नाही.